सातव्या ट्रॅकवरचे अकरा सेकंद

टेप भाजावी लागते म्हटलं की लोक हसतात. पण सत्तर-ऐंशीच्या काळातल्या कित्येक टेपांवरचा लेप हवेतली ओल पिऊन चिकट होतो. तशीच मशीनवर चढवली तर टेप किंचाळते आणि आपलं तपकिरी कातडं मागे सोडत जाते. म्हणून आधी चोपन्न अंशांवर आठ तास मंद भाजायची, तितकाच वेळ निवू द्यायची, आणि ती पुन्हा ओल धरायच्या आत तिच्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा.

कॅनडातल्या किचनर गावात, पूर्वी बटणांचा कारखाना होता त्या विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर मी हे काम करत असे. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसायचे आणि मीठ टाकून टाकून करडा पडलेला बर्फ. त्याआधी पुण्यात असताना नऊ वर्षं वेल्हे-मुळशीच्या गावांतून हिंडून मी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या होत्या. ती संस्था बंद पडली, मी इकडे आले. एक्कावन्नाव्या वर्षी माझ्याजवळ कमावलेलं असं एकच होतं: नीलिमा दाबकेच्या हातून आजवर एकही टेप दुखावली नाही, असं या धंद्यातले लोक म्हणत.

२०१७ च्या जानेवारीत लंडनहून अठ्ठावीस रिळं आली. द सॉल्ट क्लार्क्स नावाच्या एका इंग्लिश बँडचा १९८० सालचा अल्बम. तेव्हा फारसा कुणी विकत घेतला नव्हता. आता त्याला अभिजात म्हणत होते. सगळं मूळ रेकॉर्डिंग नव्यानं साफ करून पेटीत घालून विकायचं होतं.

माझ्या जोडीला पृथ्वीराज होता. नागपूरचा, तेहतीस वर्षांचा. तिकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा, इकडे कॉलेजात साउंडचा कोर्स करून आमच्याकडे लागला. बायको श्रावणी आणि चार वर्षांची उमा नागपुरात. त्याचं वर्क परमिट एप्रिलअखेर संपत होतं. त्याआधी पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अप्लाय करायचं, तर वर्षभर इथे काम केल्याचं मालकाचं पत्र हवं होतं. पत्र मिळालं तर बायको-पोर इकडे येणार. नाही तर तो तिकडे जाणार, आणि कोर्ससाठी विकलेला प्लॉट काही परत येणार नव्हता.

"ताई, भाजणी झाली का?" रोज सकाळी तो विचारायचा.

"झाली. थालीपीठ लावायला घेऊ?"

"लावा ना बाप्पा! पीठ इंग्लंडचं, लोणी कॅनडाचं."

आमचा मालक संजय आठवड्यातून दोनदा मार्कहॅमहून यायचा. बूट न काढता, कॉफीचा कप हातात घेऊन दारातच उभा राहायचा.

"नीलिमा, लंडनला पंधरा मार्च कमिट केलंय. एक दिवस इकडे-तिकडे होणार नाही. पृथ्वी, तुझं लेटर ड्राफ्ट करून ठेवलंय. बॉक्स डिलिव्हर झाला की साइन."

"सर, लेटर आधी द्या ना. हात मोकळे होतील."

"ड्रमरचे हात मोकळे कशाला? बिझी असलेले बरे." आणि हसत निघून जायचा.

दोन इंच रुंद टेपवर चोवीस अरुंद पट्टे असतात. एकेका पट्ट्यावर एकेक वाद्य. त्यांना ट्रॅक म्हणतात. या अल्बमच्या निर्मात्यानं उत्तर इंग्लंडमधलं एक बंद पडलेलं चर्च भाड्यानं घेतलं होतं आणि तिथे भर हिवाळ्यात ड्रमचे तुकडे करून ते रेकॉर्ड केले होते. तुकडे म्हणजे असे: आधी फक्त पायानं वाजवायचा मोठा ड्रम, पूर्ण गाणंभर, हात मांडीवर ठेवून. मग पाय आखडून फक्त हातांचा छोटा ड्रम. मग नुसत्या झांजा. कुठलाही आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. रिळाच्या डब्यातल्या कागदावर निर्मात्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एकोणिसाव्या रिळावरच्या गाण्यात, सातव्या ट्रॅकपुढे, म्हणजे पायाच्या ड्रमपुढे लिहिलं होतं: खेप अडतिसावी.

ड्रमरचं नाव लेन. त्या रेकॉर्डिंगनंतर त्याचं काय झालं ते बँडमधल्या उरलेल्यांनी दर मुलाखतीत वेगळं सांगितलं होतं. टेपवर दोन खेपांच्या मधल्या जागाही शिल्लक होत्या. लेनचा दमलेला श्वास. मग काचेपलीकडून माइकवर निर्मात्याचा थंड, सभ्य आवाज: "वन्स मोअर." मग पुन्हा पाय.

"हा माणूस त्याले मारून राहिला ताई," पृथ्वीराज म्हणाला. "अडतीस वेळा एकच पाय! आमच्या ऑर्केस्ट्रात असा मालक असता तर वरातीतच सोडून दिला असता."

आठ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी दुसऱ्या एका कामासाठी मी मशीनची रेकॉर्डिंगची बाजू तपासत होते. कोऱ्या टेपवर सातवा ट्रॅक लावायचा, दोन बटणं एकदम दाबायची, तपासणीची शिटी भरायची, थांबायचं. पुन्हा दोन बटणं. चाळीस मिनिटं हेच. जुनी टेप चढवण्याआधी रेकॉर्डिंगचं कार्ड मशीनमधून काढून खणात ठेवायचं, म्हणजे चुकूनही काही पुसलं जात नाही, हा आमचा पहिला नियम. तेवढ्यात लंडनचा फोन आला आणि कार्ड आतच राहिलं. फोनवर बोलत बोलत मी एकोणिसावं रीळ चढवलं, आणि वाजवून बघायला बोट पुढे केलं.

एक नाही, दोन बोटं गेली. चाळीस मिनिटांची सवय.

लाल दिवा लागलेला मला दिसला तेव्हा काटा अकरा सेकंद पुढे गेला होता. लेनचे अकरा सेकंद पुसले गेले होते. सदतीस वर्षं जे टिकलं ते माझ्या बोटानं गेलं.

वेल्ह्याच्या बायका दळण संपत आलं की चटकन खुंट्यावर हात ठेवून जातं थांबवायच्या. रिकामं फिरू द्यायच्या नाहीत. काय होतं विचारलं तर सांगायच्या नाहीत, मूठभर दाणे घालायच्या आणि गाणं पुढे न्यायच्या. मला त्या घटकेला तेच सुचलं. पाठच्या खोलीत, काचेपलीकडे, ड्रमचा सेट होता.

पृथ्वीराज जेवून आला. मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण माझ्यासाठी.

"किती गेलं ताई?"

"अकरा सेकंद."

"एवढंच? ते तर मी झोपेत वाजवीन. कोणाले सांगू नका तुम्ही."

"सांगितलं तर पेटी थांबेल," मी म्हणाले. "तुझं पत्रही थांबेल."

हे मी अगदी मायेनं म्हणाले. आवाज मऊ होता. त्याचं पत्र म्हणत होते, वाचवत माझं नाव होते.

तो स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले, कानावर हेडफोन घातला. लेनचा पाय ऐकत ऐकत रिकाम्या जागेत शिरला आणि पलीकडे बाहेर आला. एकाच खेपेत. मी ऐकून पाहिलं. कुठे लेन थांबतो आणि कुठे पृथ्वीराज सुरू होतो ते मला, जिचे कानच तिला भाकरी मिळवून देतात तिला, कळेना.

म्हणून मी ते कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली भिंतीतल्या विजेची बारीक गुणगुण असते. इंग्लंडमधली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, कॅनडातली साठ. इतकी पक्की खूण दुसरी नाही. पृथ्वीराजच्या अकरा सेकंदांखाली साठची रेघ दिसायला हवी होती.

पन्नासची होती.

मी मशीनची तार बदलली, खोलीतलं सगळं बंद करून पुन्हा पाहिलं. पन्नास. मग मी कॉम्प्युटर बंद केला आणि डबा खाल्ला.

शुक्रवारी ती फाइल लंडनला पाठवण्याआधी शेवटची ऐकायला घेतली. दोन मिनिटांच्या जरा आधी पायाचा ड्रम थांबला. चाळीस सेकंद काहीच नाही. मग पुन्हा सुरू. टेप चढवून पाहिली. टेपवरही तीच जागा रिकामी. रेकॉर्डिंगचं कार्ड खणात होतं. खणाची किल्ली माझ्या गळ्यात.

"तुम्ही नाही ना ताई?"

"नाही."

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. त्यानं विश्वास ठेवला की नाही मला माहीत नाही. "चला, मग भरू," म्हणाला, आणि बुटांची नाडी बांधली.

सोमवारी आणखी एक जागा. बुधवारी दोन. आम्ही भरत गेलो. लंडनला कळवायला हवं होतं, मला माहीत होतं. कळवलं असतं तर त्यांनी माणूस पाठवला असता, आणि माणसानं पहिले अकरा सेकंद शोधले असते.

संजयनं एकदा ड्रमपुढे माइक लावलेला पाहिला.

"हे काय? कोण वाजवतंय?"

"पृथ्वीराज," मी म्हणाले. "लंचमध्ये सराव करतो."

"माझ्या वेळेत? लेटरमध्ये काय लिहू मग, ड्रमर?"

पृथ्वीराज माझ्याकडे बघत नव्हता. "सॉरी सर," म्हणाला. "परत नाही होणार."

संजय जायला वळला आणि दचकला. पृथ्वीराज दार उघडायला त्याच्या पुढे येऊन उभा होता. "अरे, मांजर आहेस का तू? गळ्यात घंटा बांधा रे याच्या!"

आम्ही तिघंही हसलो.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी उणे अठरावर गेली. अशा थंडीत बर्फ कोरडा होतो आणि पायाखाली साबुदाण्यासारखा करकरतो. दुपारी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात सूप आणायला निघालो. तो उमाचं सांगत होता. ती शाळेत सगळ्यांना सांगते, माझे बाबा बर्फात राहतात. करकर, करकर. मी हातमोजा घालायला थांबले.

करकर थांबली.

तो चालतच होता. जड बूट, ऐंशी किलोचा माणूस, मागे खोल ठसे उमटत होते. आवाज नव्हता.

दुकानात त्यानं नाणी काउंटरवर टाकली. मी ती पडताना पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच माझ्याकडे आला. दार लावून घेतलं. दार लागल्याचं मला डोळ्यांनीच कळलं.

"ताई, एक दाखवू?" त्यानं माझ्यासमोर टाळी वाजवली. जोरात, दोन्ही तळवे लाल होईतो. मग पुन्हा.

खाली रुळांवरून मालगाडी चालली होती. ती मला नीट ऐकू येत होती.

"पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. बोलणं ऐकू यायचं, पण त्या आवाजाला आता खोली नव्हती. गादीत तोंड खुपसून बोलावं तसा. "घरी भांडी घासतो, आवाज नाही. रूममेट म्हणतो, बरं झालं, पहिले किती आपटायचा. मीही हसलो. हसायचंच ना, काय करू?"

मी त्याला पाठच्या खोलीत नेलं, माइकसमोर उभं केलं आणि उडी मारायला सांगितली. त्यानं मारली. लाकडी जमीन हादरली. छोट्या ड्रमखालच्या तारा त्या हादऱ्यानं थरथरून कितीतरी वेळ झिणझिणत राहिल्या. काटा तेवढा झिणझिणाट दाखवत होता. उडीचं काही नाही.

"डॉक्टरला दाखव," मी म्हणाले.

"काय सांगू त्याले? माझे हात वाजत नाहीत?"

तेरा मार्चला सकाळी टेप तपासली. पायाचा ड्रम जवळजवळ सगळा पृथ्वीराजचा झाला होता. लेनचे शेवटचे पन्नास सेकंद उरले होते, आणि ते आदल्या रात्रीत गेले होते.

दोन दिवस होते.

पृथ्वीराज स्टुलावर बसला. हेडफोन घातला नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिला.

"थांबू का ताई?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुम्हाला विचारून राहिलो. तुम्ही म्हणाल तर थांबतो. लेटर गेलं तर गेलं. श्रावणीले सांगीन, नाही जमलं."

खिडकीत दुपारचं पांढरं ऊन होतं. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर पंधरा तारखेभोवती मीच लाल गोल काढला होता.

तो वाट बघत होता. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान माणूस, हात मांडीवर ठेवून.

"आता एवढंच राहिलंय," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. हेडफोन घातला.

मी दोन बटणं दाबली.

त्याचा पाय पडत होता. ड्रमचं कातडं दर ठोक्याला आत जाऊन बाहेर येत होतं. खोलीत काही नव्हतं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि शांतता.

फक्त मशीनवरचा सातवा काटा, एकटा, दर ठोक्याला तांबड्या रेघेपर्यंत उसळत होता.

पन्नास सेकंद संपले. त्यानं पाय उचलला.

मी टेप मागे नेली, वाजवली. गाणं पूर्ण होतं. सुंदर होतं. शेवटच्या ठोक्यानंतर माझ्या जानेवारीतल्या नोंदीप्रमाणे कोरी टेप होती.

आता कोरी नव्हती.

स्टूल सरकलं. पावलं. जड, थकलेली, लाकडावरून दगडावर, दूर दूर. चर्चला असतं तसं एक मोठं दार उघडलं. बाहेर पाऊस पडत होता. दार लागलं.

मग जवळून, अगदी सभ्य आवाजात: "वन्स मोअर."

मी काचेतून पाहिलं. पृथ्वीराजनं हेडफोन काढून बाजूला ठेवला होता. त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याचा पाय पुन्हा सुरू झाला होता.

मी टेप थांबवली. पाय थांबायला बराच वेळ लागला.

पेटी वेळेत गेली. लंडननं माझं नाव घेऊन आभार मानले. संजयनं पत्रावर सही केली आणि त्यात चुकूनसुद्धा ड्रमर लिहिलं नाही. सप्टेंबरात अल्बम निघाला. एका इंग्लिश मासिकानं त्या गाण्याबद्दल लिहिलं की जुन्या ध्वनिमुद्रणातला माणूस इतका जवळ कधी वाटला नव्हता. संजयनं तो परिच्छेद फ्रेम करून रिसेप्शनला लावला. मी रोज त्याच्यासमोरून वर जात होते. पृथ्वीराज मागून येत असला तर मला कळत नसे, म्हणून मी जिन्यात अधूनमधून वळून बघायची सवय लावून घेतली. आम्ही त्या रिळाबद्दल पुन्हा बोललो नाही. तो मला अजून ताईच म्हणतो. रागावला असता तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात त्याचा पीआर आला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रावणी आणि उमा आल्या. त्याच्याकडे गाडी नव्हती, म्हणून मीच त्याला टोरांटोच्या विमानतळावर घेऊन गेले. दुपारची वेळ, माणसांची गर्दी, सामानाच्या चाकांचा खडखडाट. सरकतं दार उघडलं आणि श्रावणी दिसली. हिरवा स्वेटर, डोळे सुजलेले, एका हातात ट्रॉली, दुसऱ्या हातात मुलगी.

"अगं, बाबा बघ!"

उमा आधी आईच्या मागे लपली. मग धावत आली. त्यानं तिला उचललं, जॅकेटची चेन उघडली आणि थंडी लागू नये म्हणून तिला आत घेतलं. श्रावणी रडत होती, हसत होती, माझ्या पाया पडायला वाकत होती. "तुमच्यामुळे झालं ताई," म्हणत होती. "हे फोनवर सारखे सांगायचे, ताई नसत्या तर काही झालं नसतं." मी तिला वर उठवलं.

तिच्या खांद्यावरून मला उमा दिसत होती. वीस तासांच्या प्रवासानं पेंगुळलेली. तिनं बापाच्या छातीवर कान टेकला. जरा वेळानं तो उचलला आणि दुसऱ्या बाजूला टेकला. कपाळाला आठी घालून ऐकत राहिली.

मग तिनं इवलीशी मूठ वळली आणि बंद दारावर ठोठावावं तसं, हळूच, त्याच्या छातीवर दोनदा ठोठावलं.